दोन रंगांत अडकलात? बैठकीच्या खोलीचा रंग ठरवायची पद्धत

आमच्याकडे घराला रंग लागतो तो एकतर दिवाळीच्या आधी नाहीतर घरात लग्न निघालं की, आणि दरवेळी घरात दोन पार्ट्या पडतातच. आईला हळदी पिवळा पाहिजे, सुनेला मोरपंखी, बाबा म्हणतात आकाशीच मारा न बाप्पा दरसालासारखा, आणि पोट्ट्यांना एक भिंत डार्क पाहिजे कारण मोबाईलवर तसं पाहिलेलं असतं. मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यात रंगकाम करतो आणि लोक शेड कार्ड हातात देऊन विचारतात, "भाऊ, ह्या दोनातला कोणता चांगला दिसन?" मी कार्ड पाहून कधीच उत्तर देत नाही. तुमच्या खोलीत उजेड कुठून येतो, खाली फरशी कोणती आहे, रात्री कोणता बल्ब लागतो, भिंतीत ओल आहे का, हे पाहिल्याशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे. पण हे सगळं तुम्ही स्वतः पाहू शकता, त्याला पेंटर लागत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, त्या खोलीत तुम्ही बसता कधी? शेतकऱ्याच्या घरात दिवसा बैठकीत कोणी नसतं, सगळे वावरात, म्हातारं माणूस सपरीत (पुढच्या पडवीत) नाहीतर निंबाखाली. खोली भरते ती संध्याकाळी सातनंतर. म्हणजे तुमचा रंग दिसणार तो बल्बच्या उजेडात, आणि आपण निवडतो मात्र भर दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून. इथेच निम्मी गडबड होते. बल्बच्या खोक्यावर 6500 के लिहिलेलं असलं तर तो पांढरा, थोडा निळसर उजेड, त्याला कूल डेलाइट म्हणतात आणि आपल्याकडे बहुतेक घरांत हाच असतो. 2700 किंवा 3000 के म्हणजे पिवळसर उजेड, वॉर्म व्हाइट. पांढऱ्या बल्बखाली निळा, मोरपंखी, चिंतामणी असे रंग खुलतात आणि पिवळा रंग हिरवटाकडे झुकतो, लिंबोळीसारखा आजारी दिसायला लागतो. पिवळसर बल्बखाली याच्या उलट होतं, विटकरी, बदामी, हळदी हे रंग उठून दिसतात आणि निळा मळकट पडतो. म्हणून दोन रंगांत निवडायच्या आधी बल्ब ठरवा. एक बल्ब बदलणं रंगाच्या एका डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि कधीकधी तेवढ्यानंच वाद मिटतो.

आता दिवसाचा उजेड. ज्या घराला पुढे सपरी आहे आणि तिच्यावर टिनं आहेत तिथे बैठकीत उजेड कमीच येतो, कारण टिनं दारा-खिडकीपर्यंतचं आभाळच झाकतात. अशा खोलीत डार्क रंग चारी भिंतींना मारला तर दुपारी एक वाजता पण लाईट लावावा लागेल. उत्तरेची खिडकी असली तर उजेड दिवसभर सारखा पण थंड, निळसर येतो, त्यात राखाडी आणि फिका निळा रंग उदास वाटतो, तिथे थोडी पिवळी किंवा गुलाबी झाक असलेला रंग घ्या. पश्चिमेच्या खिडकीतून चारनंतर तांबूस ऊन आत येतं, तेव्हा विटकरी, केशरी, हळदी हे सगळे अंगावर आल्यासारखे भडक होतात, ती खोली निळ्या-हिरव्या रंगाला चांगली. पूर्वेच्या खोलीला सकाळी सोनेरी ऊन मिळतं आणि दुपारनंतर ती विझते, तिथे दोन्ही चालतात, फक्त पाहायचं दुपारी.

दक्षिणेच्या खिडकीचं एक वेगळं आहे आणि ते कोणी लक्षात घेत नाही. आपण साधारण 20 ते 21 अक्षांशावर आहोत, त्यामुळे मे महिन्याच्या 20 तारखेनंतर आणि परत जुलैच्या 20 तारखेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे मे मधे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, आणि डिसेंबरात सूर्य खाली कललेला असतो तेव्हा तेच ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. लग्नाचा रंग एप्रिल-मे मधे ठरवला आणि तेव्हा खोली अंधारी दिसली म्हणून घाबरून एकदम फिका रंग घेतला, तर हिवाळ्यात तोच रंग डोळ्यावर येतो. तुम्ही कोणत्या महिन्यात पाहताय हे ध्यानात ठेवूनच पाहा.

खिडकीबाहेर काय आहे हे पण बघा. बाहेर मोठा निंब असला तर हिरवी झाक भिंतीवर येते, मोतिया रंग पिस्ता दिसतो. खाली शहाबादी फरशी असली तर ती राखाडी, तिच्यावरून येणारा उजेड थंड. लाल कोबा असला तर भिंतीच्या खालच्या भागाला तांबूस झाक. या गोष्टी कार्डात कशा कळणार, कार्ड केवढं, बोटाएवढं.

म्हणून नमुना मोठा करायचा. दुकानात सॅम्पलचा छोटा डबा मिळाला तर दोन्ही रंगांचा तो घ्या, नाही मिळाला तर एकेक लिटर घ्या, उरलेला रंग देवळीला (भिंतीतल्या कोनाड्याला), कपाटाच्या आतल्या बाजूला कुठेतरी लागतोच. सरळ भिंतीवर फर्राटा मारू नका. जुन्या आकाशी भिंतीवर पिवळ्याचा एक हात मारला तर खालचा आकाशी वर येणार आणि तुम्ही म्हणाल पिवळा हिरवा दिसतोय. दोन फूट बाय दोन फुटाचे दोन पुठ्ठे घ्या, फ्रीज-कूलरच्या खोक्याचे चालतात, हार्डबोर्ड असला तर अजून चांगलं. आधी पांढरा प्रायमर मारा कारण कोरडा पुठ्ठा रंग पिऊन टाकतो, मग रंगाचे दोन हात, दोन्हीच्या मधे किमान चार तास. कडेनं दोन बोटं पांढरी पट्टी सोडा. ही पट्टी फार महत्त्वाची आहे, तिच्यामुळे भिंतीवरचा जुना रंग आणि नवा रंग एकमेकांना लागत नाहीत आणि रंगाची खरी झाक पण कळते, पांढऱ्याशेजारी ठेवला की राखाडी निळसर आहे की तपकिरी, पिवळ्यात हिरवट किती, लगेच दिसतं. आणि ओला रंग पाहून काही ठरवू नका, इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) वाळल्यावर थोडं गडद होतं.

आता पुठ्ठे घरात फिरवा. सकाळी चहाच्या वेळेला, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री बल्बखाली, असं दोन-तीन दिवस. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर एकदा, खिडकीच्याच भिंतीवर एकदा, कारण खिडकीच्या भिंतीवर उजेड पडत नाही आणि तिथे तोच रंग दोन शेड गडद वाटतो. पुठ्ठा उभा ठेवा, जमिनीवर आडवा ठेवून पाहू नका, भिंत आडवी नसते. फोटो काढून पुण्या-नागपूरच्या भावाला पाठवून त्याचं मत घेऊ नका. मोबाईल कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो, दोन फोनमधे एकच भिंत दोन रंगांची दिसते.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोन्ही पुठ्ठे शेजारी शेजारी ठेवून निवडू नका, निदान सुरुवातीला तरी. दोन विरुद्ध रंग जवळ आले की एकमेकांना अजून भडक करतात. मोरपंखीजवळ हळदी ठेवला की हळदी नारंगी वाटतो आणि मोरपंखी अजून निळा. हे डोळ्याचं काम आहे, डब्यातल्या रंगाचं नाही. फ्रान्समधे शेवरूल म्हणून एक रसायनशास्त्रज्ञ होते, पॅरिसच्या गोबेलाँ विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख. तिथे तक्रार आली की काळा धागा नीट काळा येत नाही. त्यांनी तपासलं तर धाग्यात दोष नव्हताच, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका वाटत होता. 1839 मधे त्यांनी यावर सगळं लिहून ठेवलं. आपल्या बैठकीत पण हेच होतं. म्हणून एक दिवस फक्त पिवळा पुठ्ठा लावा, दुसरा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. दोन्ही वेगवेगळे पाहून झाले, घरच्यांना विचारून झालं, की मग शेजारी ठेवा, ते पण दोन्ही रंग एकाच खोलीत वापरायचे असतील तरच.

दारव्ह्याकडच्या एका घरी असंच होतं. बैठक दहा बाय बाराची, पुढे टिनाची सपरी, एकच खिडकी आणि ती पण सपरीत उघडणारी. सासूबाईंना हळदी पिवळा, लग्न होऊन आलेल्या सुनेला मोरपंखी, आणि काकाजी मधे गप्प. दुपारी मोरपंखीचा पुठ्ठा खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावला तर तो जवळजवळ काळा दिसला, सासूबाई म्हणाल्या, "हे तं अंधारकोठडी होईन वं." तोच पुठ्ठा समोरच्या भिंतीवर, दारातून उजेड पडतो तिथे नेला, तर खरा मोरपंखी झाला. रात्री बल्ब लावला, 6500 चाच होता, तर पिवळ्याचा पुठ्ठा हिरवट पडला आणि स्वतः सासूबाईच म्हणाल्या का हा असा काऊन दिसून रायला. त्यांच्या घरात समोरच्या भिंतीला देवळी आहे, तिच्यात रोज दिवा लागतो. सुनेनंच सुचवलं की देवळीच्या आत हळदी मारा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तो हळदी रंग असा काही उठला की दोघी कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या. शेवटी समोरची एक भिंत मोरपंखी, तिच्यातली देवळी हळदी, आणि बाकी तीन भिंती मोतिया ज्यात पिवळ्याची हलकी झाक. कोणी हरलं नाही आणि दोन्ही रंग जिथे शोभतात तिथेच बसले.

म्हणून मी म्हणतो, दोन विरुद्ध रंगांत प्रश्न बहुतेक वेळा कोणता घ्यायचा हा नसतोच, कोणता किती आणि कुठे हा असतो. अर्धा-अर्धा वाटून देऊ नका, दोन भिंती ह्या दोन त्या असं केलं की खोली भांडल्यासारखी दिसते. एक रंग मोठा, दुसरा लहान. गडद रंग अशा भिंतीला द्या जिच्यावर उजेड पडतो आणि जी दारातून आत येताना समोर दिसते. खिडकीच्या भिंतीला गडद रंग कधी देऊ नका, खिडकीतला उजेड आणि बाजूची काळी भिंत यांचा डोळ्याला त्रास होतो. आणि चारही भिंतींना एकच रंग मारणार असाल तर कार्डात जो आवडला त्याच्याहून एक शेड फिका घ्या, कारण भिंतींचा उजेड एकमेकींवर पडतो आणि रंग आपोआप वाढतो, खास करून पिवळा, गुलाबी आणि पोपटी.

आपल्याकडे जुन्या घरांत याचं उत्तर आधीपासून आहे. वर पांढऱ्या मातीचा पोतारा नाहीतर निळ टाकलेला चुना, आणि खाली गेरूचा पट्टा. त्या पट्ट्यामागे विचार आहे. खाली पाणी उडतं, पाय लागतात, दिवाणाला टेकून बसलं की तेलकट डोक्याचे डाग पडतात, ते सगळं गडद पट्टा सांभाळतो. तुमचे दोन रंग एक गडद एक फिका असे असतील तर हीच पद्धत घ्या, खाली गडद, वर फिका. फक्त पट्टा भिंतीच्या बरोबर मध्यावर नेऊ नका, खोली बुटकी दिसते. दहा फुटाच्या भिंतीला साडेतीन फुटाच्या आत ठेवा. बसल्यावर डोकं कुठे टेकतं ते मोजा, त्याच्या चार बोटं वर रेघ.

ज्या घरी बैठकीतच कापूस भरतात त्यांनी हे नीट वाचा. भाव येईपर्यंत कापूस छतापर्यंत लागलेला असतो, त्याची पाती, धूळ, सरकीचे डाग भिंतीला घासतात. मॅट डार्क रंगावर घासल्याच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि पुसल्या तर चकाकी येते, फिक्या साध्या डिस्टेंपरवर मळ बसतो तो निघत नाही. ज्या दोन भिंतींना कापूस लागतो तिथे मधला रंग, बदामी किंवा शेवाळी, आणि धुता येणारं इमल्शन. आवडीचा डार्क किंवा एकदम फिका रंग दाराकडच्या भिंतींना ठेवा.

भिंतीची तब्येत पण रंग ठरवते. काळ्या मातीवरचं घर पावसाळ्यात उचलतं आणि उन्हाळ्यात बसतं, त्यामुळे भेगा बुजवल्या तरी दुसऱ्या साली परत उघडतात. ज्या भिंतीला अशी भेग आहे तिला गडद रंग देऊ नका, भेग पांढरी रेघ होऊन दिसते आणि नंतर टचअप केला की वेगळा ठिगळ दिसतो. फिका आणि मॅट रंग सगळं लपवतो, चकचकीत रंग सगळं उघडं पाडतो. ओलीचं तसंच, खालून ओल चढत असली तर गडद रंगावर पांढरा क्षार येतो, पोपडे धरतात. शंका असली तर एक फूट बाय एक फूट पारदर्शक पॉलिथिन चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे, रंग थांबवा. दिवाळीच्या आधी हे करायलाच पाहिजे, कारण पावसाळ्याची ओल तेव्हा भिंतीत असतेच. नवीन प्लास्टर असेल तर 28 दिवस पाणी-वाळणं होऊ द्या, सिमेंटचा चुना रंगाला खातो आणि निळा-हिरवा जागोजागी उडतो.

डार्क रंगानं खोली तापते असं म्हणून बरेच लोक मोरपंखी सोडून देतात. आतल्या भिंतीच्या रंगानं उष्णतेत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. आपल्याकडे 45-46 डिग्रीला जी उष्णता आत येते ती छतातून, टिनातून आणि उन्हाच्या बाहेरच्या भिंतीतून येते. तिथे पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्या, फरक कळेल. आत तुम्हाला आवडेल तो रंग मारा, गडद रंग फक्त उजेड खातो, तेवढा एखादा बल्ब जास्त धरा.

हिशोब सांगतो. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, म्हणजे चार भिंती मिळून 440 चौरस फूट, दार-खिडकी वजा करून साधारण 400. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीला दोन हातांत लिटरला 120 च्या आसपास चौरस फूट धरा, खरबडीत भिंत असली तर 100 पण मिळणार नाही. म्हणजे दहा बाय दहाची एक भिंत डार्क करायची तर एक लिटर आणि बाकीच्यांना तीन. पण लाल, भडक पिवळा, केशरी हे रंग झाकायला कमजोर असतात, त्यांच्या बेसमधे पांढरा कमी असतो म्हणून तीन-चार हात लागतात. लालच्या खाली आधी राखाडीसर एक हात मारला तर रंग वाचतो. दोन डबे वेगवेगळ्या दिवशी मशीनवर बनवले तर थोडा फरक पडू शकतो, म्हणून एकदमच बनवून घ्या आणि बादलीत एकत्र ढवळा. शेडचा नंबर झाकणावर मार्करनं लिहा, दोन वर्षांनी उपयोगी पडतो.

जुन्या दारा-खिडकीचा ऑइल पेंट कोरडाच पॉलिश पेपरनं घासू नका, जुन्या पेंटमधे शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लेकरांच्या पोटात जाते. आपल्या देशात घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) केली ती 2016 च्या नियमांनी, त्याच्या आधीच्या रंगाचा भरवसा नाही. ओलं करून घासा, लेकरं आणि पोटुशी बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी. नवीन डब्यावर शिशाबद्दल लिहिलेलं वाचूनच घ्या.

दोन रंगांची रेघ सरळ यायला आधी फिका रंग पूर्ण मारून नीट वाळू द्या, पाण्याच्या नळीनं लेव्हल घ्या, गेरू लावलेली दोरी ताणून ठोका, त्यावर मास्किंग टेप. टेपच्या कडेवर परत एकदा तोच फिका रंग हलका फिरवा म्हणजे फटी बंद होतात, मग गडद मारा, आणि गडद पूर्ण वाळायच्या आत टेप ओढा. उन्हाळ्यात काम सकाळी अकराच्या आत उरका, दुपारी रोलर फिरेपर्यंत रंग ओढला जातो आणि जोडाचे पट्टे दिसतात. हाताला कोरडा लागला म्हणून लगेच दिवाण भिंतीला लावू नका, तीन-चार आठवडे चार बोटं जागा सोडा, तोवर भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि कापसाचे गाठोडे तर त्यानंतरच आत घ्या.